सातवा रकाना

शिरोड्याच्या तिठ्यापासून मिठागरांकडे उतरताना
डाव्या हाताला डॉक्टर आरोलकरांचा दवाखाना.
पायरीवर चपला. माझ्या हातात स्टॉपवॉच,
मांडीवर तक्ता, सात रकाने आखलेला:
इंजेक्शन, पट्टी, दाब, साखर, नोंदवही, फोन.
सातवा, जागा उरली म्हणून, इतर.

विद्यापीठाने मंजूर केलेल्या कागदात लिहिलं होतं,
कौटुंबिक दवाखान्यांतल्या नर्सांचं काम
मिश्र पद्धतीने अभ्यासणार. म्हणजे
आधी मोजायचं, मग विचारायचं,
मग दोन्ही कापडं शेजारी ठेवून बघायचं
शिवण कुठे बसते.

कुंदा गिरप. वय अठ्ठेचाळीस. अनुभव सव्वीस वर्षं.
शिक्षणाच्या ओळीवर ती जराशी थांबली.
"ए.एन.एम. घाल. बाकीचा हयच शिकलंय."

पहिल्या आठवड्यात ती एकदाही खुर्चीवर टेकली नाही.
कापसाचे बोळे एका मापाचे. बोलणं बातम्या वाचल्यासारखं.
मी खूश. तक्ते कसे स्वच्छ भरले.

दुसऱ्या आठवड्यात ती मला विसरली.
मंगळवारी सकाळी एक खलाशी आला, नेपाळचा,
शिंगाळ्याचा काटा तळहातात, ओठ पांढरे.
डॉक्टर अजून अंघोळीला.
कुंदाने चहाचं आधण टोपात ओतलं,
गार पाणी मिसळत मिसळत
आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं,
मग त्याचा हात.
किती तरी वेळ टोप धरून ती त्याच्याशी
कुठल्या भाषेत बोलत होती कोण जाणे,
दोघांनाही कळत होती.
डॉक्टर आले. धनुर्वाताचं इंजेक्शन.
चाळीस सेकंद, रकाना पहिला.
चहा त्या दिवशी झालाच नाही.

मुलाखत शनिवारी, दुपारी, उकळत्या स्टरलायझरच्या बाजूला.
प्रश्न चौथा: तुमच्या कामाचं वर्णन करा.
"काय करतंय? सुयो मारतंय, पट्टी बांधतंय."
पुढे रेकॉर्डरवर नुसता पंखा आहे,
एक मिनिट नऊ सेकंद.

आकडे म्हणत होते, इतर एकोणचाळीस टक्के.
शब्द म्हणत होते, इतर काही नाही.
मार्गदर्शकांनी फोनवर विचारलं,
यातलं खरं कुठलं धरणार?
मी म्हटलं, रेंज जातेय सर.

मग आले नारायण मोचेमाडकर,
जन्म मिठागरात गेलेला, टाचा फुटलेल्या.
कुंदाने पट्टा बांधला, फुगवला, सोडला.
एकशे सत्तर. लिहिलं नाही.
पट्टा दंडावर तसाच ठेवून विचारलं,
मीठ कितपत पडला यंदा,
सुनेचा काय म्हणता,
तो बोकड शेवटी इकलास की नाय.
ते बोलले. बोकडावर जास्त.
सतरा मिनिटं, माझं घड्याळ चालू.
पुन्हा फुगवला. एकशे बेचाळीस.
हा लिहिला.

पहिला का नाही लिहिला, मी विचारलं.
रेकॉर्डर नेमका बंद.
"पयलो आकडो भियाचो असता गो," ती म्हणाली.
"दुसरो माणसाचो."

रात्री लॉजवर पहिल्या आठवड्याचे कागद काढले.
स्वच्छ. एकसारखे. भियाचे.
फाडायला हात गेला नाही;
तेही काहीतरी मोजलेलंच होतं.
कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं: भय कुणाचं, तिचं?
आणि बराच वेळ ते प्रश्नचिन्ह गिरवत बसले.

निघायच्या दिवशी सह्या घ्यायला गेले,
तर तिने माझंच मनगट धरलं. "बस थंय."
पट्टा आवळला. पारा चढला, उतरला.
आकडा सांगितला नाही.
"जेवलंस? घराकडे कोण कोण असतत तुझ्या?"
मी सांगू लागले, आधी थोडंसं,
मग आईच्या गुडघ्यांपर्यंत पोचले,
मग त्याहून मागे.

खिशातलं घड्याळ चालूच राहिलं होतं
हे मला सावंतवाडीच्या गाडीत बसल्यावर कळलं.